रोमन आकड्यांत तारीख कोरायचीय? आधी एकेक अक्षर मोठ्याने वाचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आईबाबांच्या लग्नाची तारीख १८ डिसेंबर १९८८, ती दोघांच्या सोन्याच्या अंगठ्यांत आतल्या बाजूने रोमन आकड्यांत कोरून घ्यायचीय, नेटवर तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहून आली, आणि बाबा म्हणतायत हे मेलेले आकडे कशाला, सरळ आपले आकडे घाला. शिवाय घरातल्या जुन्या लंबकाच्या घड्याळात चारच्या जागी चार काड्या आहेत, ती चूक आहे का हेही विचारलंय. मी फोर्टात एकतीस वर्षं खोदकाम करतोय, आधी वडिलांच्या हाताखाली कलम धरून, मग पँटोग्राफवर आणि आता लेझरवर. वकिलांच्या नेमप्लेट, मंडळांच्या ट्रॉफ्या, पितळी पाट्या, अंगठ्या, पेनं सगळं होतं, आणि गेल्या काही वर्षांत रोमन तारखा इतक्या वाढल्यात की हे जरा सविस्तरच सांगतो. मी अक्षरं बोलतो तशीच लिहितोय, कारण दुकानात फोनवर ऑर्डर आम्ही अशीच चेक करतो.

आधी तुमची तारीख. अठरा म्हणजे एक्स-व्ही-आय-आय-आय. बारा म्हणजे एक्स-आय-आय. १९८८ म्हणजे एम-सी-एम-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, अकरा अक्षरं. घाबरू नका, आय म्हणजे काडी एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे आणि एम हजार, एवढं धरून साल तोडून वाचलं की सोपं आहे. हजार म्हणजे एम, नऊशे म्हणजे सी-एम, ऐंशी म्हणजे एल आणि तीन एक्स, आठ म्हणजे व्ही आणि तीन काड्या. आपण एक हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी म्हणतो त्याच क्रमाने, मोठ्याकडून लहानाकडे, एकेक घर लिहून पुढे जायचं. सगळा गोंधळ लोक घर सोडून उडी मारतात तिथे होतो. दोन हजारांतून बारा वजा केले की अठ्ठ्याऐंशी येतात म्हणून एक्स-आय-आय आणि पुढे दोन एम असं लिहून आणणारे भेटलेत, आणि १९९९ तर दर महिन्याला कोणीतरी एम-आय-एम लिहून आणतंच. ते चुकीचं आहे. १९९९ म्हणजे एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स, नऊशे वेगळे, नव्वद वेगळे, नऊ वेगळे.

मोठ्याआधी आलेलं लहान अक्षर वजा धरतात, हा वजाबाकीचा नियम एकदा पाठ केला की नेटवर विसंबून राहायला नको. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. व्ही, एल आणि डी कधीच कोणाच्या आधी वजा व्हायला बसत नाहीत आणि दोनदा लागूनही येत नाहीत. बस, एवढंच. म्हणून एकोणपन्नास आय-एल नाही, एक्स-एल-आय-एक्स. शून्याला तर चिन्हच नाही, त्यामुळे ०५ असं कागदावर असेल तर नुसता व्ही.

तीन ठिकाणी तीन उत्तरं का आली तेही सांगतो, कारण तुम्ही फोटो पाठवलेत त्यात तिन्ही चुका दिसतायत. पहिल्या साइटने महिना आधी घेतलाय, अमेरिकेत तारीख तशी लिहितात, म्हणून तिथे बारा आधी आणि अठरा नंतर आलं. तुमच्या तारखेत ते लगेच कळतं कारण अठरावा महिना नसतो, पण ज्यांचं लग्न पाच ऑगस्टला झालंय त्यांची अंगठी आठ मे होऊन बसते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. दुसरीने अख्खा आकडा सलग टाकलाय, मध्ये टिंब नाही, म्हणजे दिवस कुठे संपला आणि महिना कुठे सुरू झाला हे कळायचा मार्गच नाही. मध्ये टिंब हवंच, आणि ते खाली नको, अक्षराच्या बरोबर मध्यावर ठेवा, छान दिसतं आणि घासून गेलं तरी ओळखू येतं. तिसरीने वर आणि खाली सलग रेघ ओढून दिलीय. शोभेला वरखाली रेघ चालते, बरेच जण टॅटूतही तशीच करून घेतात, पण फक्त वर रेघ द्यायची नाही, कारण अक्षरांच्या डोक्यावर नुसती आडवी रेघ म्हणजे तो आकडा हजारपट. ही जुनी रीत आहे, मोठे आकडे लिहायची. ज्याला माहितेय तो बरोबर बोट ठेवणार.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण तेव्हापासून मी माझी पद्धत बदलली. एक नवराबायको आले होते, अंगठीत फक्त लग्नाचं साल हवं होतं, कागदावर नीट टाइप करून आणलेलं, एम-एम-आय-एक्स. मी कोरलं, भिंगातून तपासलं, कागदाशी तंतोतंत जुळलं, दिलं. दोन दिवसांनी बाई परत आल्या, डोळे भरलेले, कारण लग्न २०११ चं आणि अंगठीत २००९. अकरा म्हणजे एक्स-आय, नऊ म्हणजे आय-एक्स, एक काडी इकडची तिकडे. कागद त्यांचाच होता, पण कलम माझं होतं आणि मी विचारलं नव्हतं. आतून कोरलेलं काढायचं तर सोनं घासावं लागतं, अंगठीची जाडी कमी होते, वजन कमी होतं, आणि लग्नाची अंगठी घासायला कोणाचंही मन होत नाही. त्या दिवसापासून रोमन ऑर्डर घेताना मी साध्या आकड्यांत तारीख वेगळी लिहून घेतो, मग रोमन मी स्वतः बनवतो, आणि मग गिऱ्हाईकाला समोर बसवून एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावतो. कोणी कंटाळतं, कोणी म्हणतं काका एवढं काय, पण वाचायला लावतोच.

अंगठीतली जागा हा दुसरा मोठा मुद्दा आणि तो दुकानदार तुम्हाला सांगत नाहीत. समजा आतला व्यास १६.५ मिलिमीटर, तर घेर होतो साधारण ५२ मिलिमीटर. तुमच्या तारखेत एकोणीस अक्षरं आणि दोन टिंबं. ऐकायला खूप वाटतं, पण त्यातल्या आठ तर नुसत्या काड्या आहेत आणि काडी जागा कमी खाते. दीड मिलिमीटर उंचीचं अक्षर धरलं तर सगळं मिळून ३० मिलिमीटरच्या आसपास बसतं. मग उरलेल्या जागेत काय? तिथे हॉलमार्क आहे. हल्लीच्या अंगठीत आतून बीआयएसचं चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी ओळख क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून विकायच्या हॉलमार्क दागिन्यावर तो लागतोच. त्यावर कलम अजिबात फिरवायचं नाही, उद्या अंगठी मोडायला किंवा बदलायला नेली तर तीच तिची ओळख. म्हणून अंगठी हातात आली की मी आधी हॉलमार्क शोधतो, त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला तारखेचा मध्य धरतो आणि तिथून दोन्हीकडे मोजतो. आईंची अंगठी लहान असणार, तिथे अक्षर थोडं बारीक करू, पण दोन्ही अंगठ्यांत अक्षराची ठेवण एकच ठेवायची.

ठेवणीवरून आठवलं, पायाची आणि डोक्याची छोटी आडवी रेघ असलेलंच अक्षर घ्या. हल्ली सपाट, बिनरेघांचं अक्षर फॅशन म्हणून मागतात, पण त्यात आय म्हणजे नुसती एक उभी रेघ, आणि तीन आय शेजारी आले की ते ओरखडे वाटतात. दहा वर्षांनी अंगठी वापरून गुळगुळीत झाल्यावर तर कळणारच नाही. रेघ असलेल्या अक्षरात काडी उभी राहते, वरखाली टेकलेली असते, तिला वजन येतं. हे आकडे दगडावर, धातूवर कोरलेले शोभतात ते त्यामुळेच, फुली, काडी, व्ही, सगळ्या सरळ रेघा. सी आणि डीचा गोलवा तेवढा हाताला जड जातो.

आता घड्याळ. चार काड्या चूक नाहीत ताई, घड्याळवाल्यांची ती फार जुनी रीत आहे. रोमन डायल असलेली बहुतेक घड्याळं बघा, चारला चार काड्या आणि नऊला मात्र आय-एक्स. अपवाद आहेत, लंडनच्या बिग बेनवर आय-व्ही आहे. का असं, याच्या गोष्टी खूप सांगतात, कुठल्या राजाला आवडलं नाही, कुठल्या देवाच्या नावाची अक्षरं येतात, मी त्या गोष्टींत जात नाही. मी डायल समोर ठेवून बघतो तेव्हा मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे तोल. चारच्या समोर आठ येतो, आठ म्हणजे व्ही आणि तीन काड्या, चांगला रुंद आणि भारी, त्याच्यासमोर आय-व्ही हलकं पडतं, चार काड्या बरोबर वजन धरतात. आणि दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, चार काड्या धरल्या तर डायलचे तीन सारखे भाग पडतात, पहिल्या चार तासांत फक्त काड्या, पुढच्या चारांत व्ही, शेवटच्या चारांत एक्स. मोजून बघा. एकूण काड्या २०, व्ही ४, एक्स ४. म्हणजे पाच काड्या, एक व्ही, एक एक्स असा एक साचा केला आणि चारदा ओतला की अख्ख्या डायलचे आकडे तयार, एकही तुकडा वाया जात नाही. आय-व्ही केलं तर १७ काड्या आणि ५ व्ही, हिशेब बसत नाही. धातूचं काम करणाऱ्याला हे वाचून बरं वाटणारच.

आणि खुद्द रोमन लोकांनाही दोन्ही चालायचं. रोमच्या कलोसियमच्या दरवाज्यांवर नंबर कोरलेले आहेत, त्यांत चव्वेचाळीस नंबरला एक्स-एल आणि पुढे चार काड्या आहेत. म्हणजे चाळीस वजाबाकीने आणि चार मात्र काड्या मोजून, एकाच आकड्यात दोन्ही. आपण पाळतो ते कडक नियम नंतर पक्के झाले. पण तुम्ही म्हणाल मग तारखेतही चार काड्या घालू, तर नको. घड्याळाची रीत घड्याळात, तारखेत आय-व्हीच.

जुनं घड्याळ दुरुस्तीला देताना एक लक्षात ठेवा. डायल परत रंगवायला दिला की नऊ आणि अकराची अदलाबदल झालेली मी स्वतः पाहिलीये, कारण डायलवर आकड्यांचे पाय मधल्या खिळ्याकडे असतात, खालच्या अर्ध्या भागात आकडे उलटे दिसतात, आणि रंगवणारा डायल फिरवत फिरवत काम करतो. म्हणून देण्याआधी फोटो काढून ठेवा. तुमच्याकडे मूळ डायल आहे, तो रंगवूच नका असं माझं मत, थोडा पिवळा पडला असेल तर पडू दे.

आता बाबांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे आणि मी त्यांच्याशी भांडणार नाही. हिशेबाला हे आकडे खरंच कामाचे नाहीत. सत्तेचाळीस गुणिले तेवीस रोमनमध्ये मांडून बघा, घरं जुळतच नाहीत, कारण जागेची किंमत नाही आणि शून्य नाही. ती सोय आपल्याकडची, आणि १२०२ साली इटलीतल्या फिबोनाचीने आपल्या पुस्तकात हे भारतीयांचे नऊ आकडे आणि शून्य म्हणून युरोपला समजावून सांगितले. तरी व्यापारी लगेच वळले नाहीत, १२९९ मध्येच फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वहीत नवे आकडे लिहायला बंदी घातली होती, तिथे रोमन किंवा अक्षरीच लिहायचं. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो ना, तीच गोष्ट समजा. आणि काड्या मोजून आकडा लिहायची रीत काही रोमची एकट्याची नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेखात आकडे आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे, तिथे एकला एक आडवी रेघ आणि दोनला दोन. चारला मात्र वेगळी खूण केलीय. मी गेलो होतो तेव्हा लेखासमोर बराच वेळ उभा होतो, छिन्नी धरणाऱ्या माणसाला रेघ आडवी का उभी याने हातात काय फरक पडतो ते कळतं.

पण मेलेले? नाही. माझ्या दुकानात आठवड्याला येतात त्या वकिलांना विचारा. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिच्यात ऑर्डर नावाची प्रकरणं एक ते एक्कावन्न, सगळ्यांचे नंबर रोमन आणि प्रत्येक ऑर्डरखालचे रूल साध्या आकड्यांत. मनाई हुकूम मागायचा तर ऑर्डर एकोणचाळीस, रूल एक आणि दोन. कागदावर एक नंबर रोमन आणि दुसरा साधा असल्यामुळे घाईतसुद्धा कुठला ऑर्डरचा आणि कुठला रूलचा हे नजरेला लगेच वेगळं पडतं. दोन्ही साधे असते तर गोंधळच. पुस्तकातही तेच, प्रस्तावनेच्या पानांना छोटे रोमन आकडे आणि मुख्य मजकुराला साधे, म्हणजे प्रस्तावना मागाहून चार पानं वाढली तरी मुख्य पानांचे नंबर हलत नाहीत.

माझं मत विचाराल तर रोमन आकडा आज मोजायला नाही, नाव द्यायला वापरतात, आणि म्हणूनच टिकलाय. घटनेचंच बघा. भाग तीन मूलभूत हक्क, हे भाग इंग्रजीत रोमन आकड्यांनी लिहितात. भाग सात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने गेला, पण म्हणून आठव्याला कोणी सातवा केलं नाही, सातची जागा रिकामी आहे. नवे भाग आले तेव्हा नऊला शेपटं जोडली, नऊ-ए म्हणजे महापालिका, नऊ-बी म्हणजे सहकारी संस्था. मोजणी असती तर मध्ये भोक चाललं नसतं, नाव आहे म्हणून चालतं. डॉक्टरांकडेही हेच. रक्त गोठवणाऱ्या घटकांना रोमन नंबर, आठवा कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर बी, आणि सहावा घटक यादीत नाहीच. मुंबईत किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांचे पट्टे, वन, टू, थ्री, फोर सांगायला नको, कागदावर ते सगळे रोमन, आणि आपली बिल्डिंग टूमध्ये आहे एवढ्या एका नंबरावर लोकांचं पुनर्विकासाचं गाडं अडतं किंवा सुटतं. क्लास फोर कर्मचारी म्हणतो तो फोरसुद्धा तोच. राजांच्या नावापुढचा, पोपच्या नावापुढचा, शाळेच्या दाखल्यावर इयत्तेपुढचा, सगळीकडे क्रम आणि मान, बेरीज कुठेच नाही.

लग्नाच्या तारखेचीही कोणी बेरीज करत नाही. बाबांना एवढं सांगून बघा.

आणि त्यांना एकदा गेटवेला घेऊन जा. आपण सगळे तिथे फोटो काढतो आणि मान वर करून लेख कोणी वाचत नाही. वर इंग्रजीत कोरलंय की राजे जॉर्ज पाचवे आणि राणी मेरी भारतात उतरल्याच्या स्मरणार्थ, आणि शेवटी तारीख, दोन डिसेंबर अक्षरी आणि साल एम-सी-एम-एक्स-आय. फोडून वाचा, हजार, नऊशे, अकरा, म्हणजे १९११. जॉर्जच्या पुढचा व्ही म्हणजे अक्षर नाही, पाचवा. आता यातली खुबी बघा, १९११ मध्ये हे गेटवे नव्हतंच. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ चा आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. पाटीवरचं साल इमारतीचं नाही, घटनेचं आहे. माझ्याकडे पाटी करायला सोसायटीवाले येतात तेव्हा मी हेच विचारतो, साल कशाचं घालायचं, नोंदणीचं, बांधकामाचं का राहायला आल्याचं, आधी ठरवा. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या आठवड्यात गेटवेला पाठवतो, लेख उतरवून आण म्हणून. अक्षरांमधलं अंतर किती मोकळं ठेवलंय, दगडावर ऊन पडलं की खाच कशी वाचता येते, हे कॉम्प्युटरवर शिकवता येत नाही.

शेवटी ऑर्डर कशी द्यायची ते. व्हॉट्सॲपवर रोमन टाइप करून पाठवू नका. फोनवर बरेच जण मोठ्या आयऐवजी लहान एल किंवा साधा एक टाकतात, स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात, पण माझ्या मशीनमध्ये फॉन्ट बदलला की तिन्ही वेगळे उमटतात. नेटवरून कॉपी करून पाठवलं तर त्यात कधीकधी अख्खा आठ हा एकच जोडलेला कॅरॅक्टर असतो, लेझरच्या सॉफ्टवेअरला तो फॉन्टमध्ये सापडला नाही की जागी रिकामा चौकोन येतो. मराठी मजकुराबरोबर असेल तर अजून घोळ, जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षर दाबलं की तिथे भलतंच देवनागरी अक्षर येतं, पत्रिकांवर हे पाहिलं असेल तुम्ही. त्यापेक्षा तारीख साध्या आकड्यांत आणि महिना अक्षरी लिहून कागद घेऊन या, १८ डिसेंबर १९८८, बाबांच्या हातचा असला तर उत्तमच. दोन्ही अंगठ्या सोबत आणा, बिल आणा, आणि बोटाचं माप बदललं असेल तर आधी सोनाराकडून अंगठी सैल किंवा घट्ट करून घ्या, कारण मापासाठी अंगठी कापून जोडतात आणि कोरल्यानंतर कापली तर नेमका एखादा एक्स अर्धा जातो. कोरायला तासभर लागेल. त्याआधी मी कागदावर छापून देईन तो नमुना आईबाबांकडून एकदा वाचून घ्या, एकेक अक्षर, एक्स-व्ही-आय-आय-आय, टिंब, एक्स-आय-आय, टिंब आणि मग साल.